मागणाऱ्याचा कागद

आमच्या घरीं कोणी नवीन पाहुणा आला आणि चहाचा पहिला घोट घेऊन त्यानें 'आपण काय करतां?' असें विचारलें, म्हणजे आमची मोठी पंचाईत होते. वकील 'मी वकील' एवढें म्हणून मोकळा होतो. डॉक्टरला तर तेवढेंहि म्हणावें लागत नाहीं. दाराबाहेरची पाटीच त्याच्या वतीनें बोलत असते. आमच्या धंद्याला अशी सुटसुटीत पाटी नाहीं. खेड्यांतल्या माणसांत बसावें, त्यांचें ऐकावें. तेथल्या शाळेंतील मुलांना पुस्तकाबाहेरचें कांहीं हातानें करूं द्यावें. आणि ह्या दोन्ही गोष्टींना पैसा लागतो म्हणून दानसंस्थांकडे अनुदानाचे अर्ज लिहावे, अशी ही तिपेडी नोकरी आहे. लोकसहभाग, अनुभवशिक्षण आणि प्रस्तावलेखन अशीं तिचीं भारदस्त नांवें आतां रूढ झालीं आहेत. पण एवढें लांबलचक उत्तर ऐकतां ऐकतां पाहुण्याचा चहा निवून जातो. आमच्या मातुःश्रींनीं हा प्रश्न फार पूर्वीं एका वाक्यांत निकालांत काढला होता. शेजारणीला त्या सांगत, "आमचा मुलगा बारामतीला असतो. दुसऱ्यांसाठीं भीक मागतो, पण कागदावर!"

त्या वाक्याचा तेव्हां आम्हांला राग आला होता. आतां, बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांत वीसपेक्षां अधिक वर्षें काढल्यावर, तें वाक्य आम्हांला जवळ जवळ बरोबर वाटतें. 'जवळ जवळ' असें म्हणण्याचें कारण पुढें येईल.

पांढरपेशा घरांत मागण्याची लाज फार. एकादी वाटी साखर शेजारून आणावयाची झाली तरी ती पदराखालीं झांकून आणावी, अशी आमची रीत. आणि तरीहि ह्याच पांढरपेशा महाराष्ट्रांतील विद्येच्या बहुतेक इमारती मागण्याच्या पायावर उभ्या आहेत, हें आपण सोयीस्करपणें विसरतों. किती तरी विद्वान पुण्यांत माधुकरी मागून आणि वार लावून शिकले. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं माणशीं एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला, आणि त्यांतून १९०८ सालीं आमच्याच पुणें जिल्ह्यांत, तळेगांवास, कांचेचा कारखाना निघाला. धोंडो केशव कर्वे ह्यांनीं आयुष्याचा केवढा तरी भाग वर्गणीच्या वहीबरोबर घालविला. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं त्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली, तेव्हां विद्यापीठाला देणगीदाराच्या मातुःश्रींचें नांव द्यावें, ही अटहि तिच्याबरोबर आली. म्हणजे देणगी आणि अट ह्यांचें लग्न कांहीं आजचें नव्हे. मोठीं माणसें मागत, तेव्हां त्यांच्या झोळीला आपण नमस्कार करतों. आमच्यासारखीं सामान्य माणसें मागतात, तेव्हां तिच्यांत काय पडलें हें मोजतों, इतकाच काय तो फरक.

ज्या मुलखासाठीं आम्ही मागतों, तो मुलूख पाहणाऱ्याला प्रथमदर्शनीं मागणाऱ्यांचा वाटत नाहीं. पुण्याहून बारामतीला येणाऱ्याला नीरेच्या डाव्या कालव्याच्या बाजूस ऊंस दिसतो, द्राक्षें दिसतात, दुधाच्या गाड्या दिसतात, आणि 'हा तर नंदनवनाचा तुकडा' असें म्हणून तो परत जातो. हा कालवा १८८५ च्या सुमाराचा. भाटघरच्या धरणाचें पाणी त्यांतून खेळतें. परंतु कालव्यालाहि एक कांठ असतो, आणि त्या कांठाच्या वरच्या अंगाला जें रान राहिलें तें जिराईतच राहिलें. बारामती तालुक्यांत सुपें, मोरगांव, लोणी भापकर ह्या बाजूस जावें, किंवा इंदापूर तालुक्यांत दक्षिणेची नीरा आणि उत्तरेची भीमा ह्यांच्या मधल्या माळावर चढावें, म्हणजे त्याच तालुक्याचें दुसरें तोंड दिसतें. उजनीच्या धरणानें भीमेच्या कांठचीं जुनीं गांवें पाण्याखालीं गेलीं. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं पळसदेवचें प्राचीन देऊळ वर येतें आणि लोक तें पाहावयास जातात. ज्या तालुक्यानें आपलीं देवळें पाण्याला दिलीं, त्याच तालुक्याच्या माळावर चैत्र-वैशाखांत पाण्याच्या टँकरची वाट पाहिली जाते. ह्यांत दोष कोणाचा हें ठरविण्याचें आमचें काम नव्हे. आमचें काम ही गोष्ट कागदावर आणण्याचें.

आणि येथेंच खरी अडचण आहे, कारण ह्या भागाचें आणि कागदाचें वैर जुनें आहे. पेशवाई गेल्यानंतर इंग्रजांच्या अमलांत जमिनीची पहिली पाहणी झाली. प्रिंगल साहेबानें बसविलेला सारा इतका जड झाला कीं इंदापुरांत शेतें पडीक पडलीं आणि कुळें परागंदा झालीं. तेव्हां १८३५ मध्यें गोल्डस्मिड आणि त्याच्या जोडीला विंगेट ह्यांनीं नवी पाहणी सुरू केली ती ह्याच इंदापूर तालुक्यांत. मुंबई इलाख्यांतल्या पुढच्या साऱ्या जमीनपाहणीचा धडा येथें गिरविला गेला. पुढें चाळीस वर्षांनीं, १२ मे १८७५ रोजीं, सुप्याच्या बाजाराच्या दिवशीं शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. त्या लोकांना हवे होते रोखे आणि वह्या. ते हातीं पडले तेथें त्यांची होळी झाली. दंग्याचें लोण पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरलें, चौकशीला कमिशन बसलें आणि १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं साहाय्याचा कायदा झाला. आपल्याविषयीं दुसऱ्यानें लिहिलेला आणि आपल्याला वाचतां न येणारा कागद काय करूं शकतो, हें सुप्याच्या माणसांना कोणी शिकवावें लागलें नव्हतें.

म्हणून आम्ही नवी वही काखेंत घेऊन प्रथम खेड्यांत गेलों, तेव्हां पारावरच्या एका म्हाताऱ्यानें आमच्याकडे न पाहतांच विचारलें, "आनी आंगठा कुठं उठवायचा?" तेव्हां आम्ही हंसलों. तो हंसण्याचा प्रश्न नव्हता, हें समजण्यास आम्हांला दोन वर्षें लागलीं.

त्या दोन वर्षांनंतरची ही हकीकत आहे. इंदापूर तालुक्यांतील माळावरचें एक लहानसें गांव. नांव सांगत नाहीं, कारण सांगण्यासारखा दोष त्या गांवाचा नाहीं. सातवीपर्यंत शाळा; पुढील शिक्षणासाठीं सात किलोमीटरांवर हायस्कूल. पावसाची वार्षिक सरासरी वीस इंचांच्या आसपास, आणि तीहि कागदावरची. शाळेच्या छपरावरचें पाणी सांठविण्यासाठीं टांकी बांधावी, मुलांनींच पाऊस आणि विहिरी मोजाव्या, आणि सातवी पास होणाऱ्या आठ मुलींना हायस्कुलांत जाण्यासाठीं सायकली द्याव्या, अशी आमची योजना होती. एका दानसंस्थेनें अर्ज मागविले होते. आम्हीं दोन रात्री जागून अर्ज लिहिला, आणि आमच्या मतें तो उत्तम साधला होता. त्यांत पाण्यासाठीं वणवण करणाऱ्या असहाय स्त्रिया होत्या, अज्ञानाच्या अंधारांत खितपत पडलेलीं बालकें होतीं, आणि दात्याच्या एका हाताची वाट पाहत आकाशाकडे डोळे लावून बसलेलें सबंध गांव होतें. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभें राहावें, मग गांवांत पाणी येण्यास उशीर नाहीं, असा आमचा हिशेब होता.

अर्जाबरोबर ग्रामस्थांच्या संमतीचा ठराव लागत होता. मारुतीच्या देवळांत बैठक भरली. आम्ही 'योजना अशी अशी आहे' म्हणून तोंडीं सांगून सह्या घेणार, तोंच शाळेचे गुरुजी म्हणाले, "साहेब, वाचूनच दाखवूं या कीं सगळ्यांना. आमची सातवीची मुलगी छान वाचते." गुरुजींच्या मनांत शाळेचें कौतुक व्हावें एवढेंच होतें. मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, निळा परकर, आवाज स्वच्छ आणि खणखणीत. 'असहाय', 'खितपत', 'दयनीय' हे आमचे शब्द तिनें एकहि न अडखळतां वाचले. देवळांत चिडीचूप झालें. आम्हांला वाटलें, परिणाम होत आहे.

खांबाला टेकून बसलेली एक आजी उठली. डोईवरचा पदर सारखा करून ती म्हणाली, "आवं सायेब, ह्यो कागुद आमच्याच गावाचा हाय नव्हं?"

"होय, आजी."

"मग त्यातली ती बाई कोन? आसहाय का काय म्हनला ती? बहात्तरच्या दुस्काळात म्या खडी फोडली. सुकडी खाऊन सात मान्सं जगावली. आमच्या गावची हीर आमच्या बापजाद्यानी हातानं खनलीया. तुकोबाची पालखी जाती तवा ह्या गावातनं भाकरीच्या पाट्या जात्यात, आजवर एक साल चुकलं न्हाई. हे काईच कसं ल्ह्यालं न्हाई तुमी?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तुकोबांची पालखी ह्याच दोन तालुक्यांतून पंढरीस जाते. काटेवाडीस मेंढ्यांचें रिंगण होतें, बेलवाडीस आणि इंदापुरास गोल रिंगण होतें. आणि एवढ्या लोकांच्या जेवणाची सोय हीं गांवें वर्षानुवर्षें करीत आलीं आहेत. तिच्यासाठीं कोणी अर्ज लिहीत नाहीं, कोणी लाभार्थींची यादी मागत नाहीं. ज्या लोकसहभागाचा अभ्यास करून आम्ही पदवी मिळविली होती, तो आमच्या डोळ्यांसमोरून दरसाल टाळ वाजवीत जात होता; आम्ही मात्र गांवाला शून्य समजून अर्जाचें गणित मांडलें होतें.

तेथेंच आम्हीं कागद फाडला. आमचा तो अभिमानाचा क्षण होता असें आम्ही पुढें पुष्कळ वर्षें समजत असूं. जमिनीवर रांगोळीनें गांवाचा नकाशा काढला. विहिरी, ओढे, ताली, देऊळ, शाळा. कोण काय देऊं शकेल तें लोकांनींच सांगितलें. गवंडी दोन निघाले. दगड गांवाचा, बैलगाड्या गांवाच्या, श्रम गांवाचे. शेजारच्या पुरंदर तालुक्यांत नायगांवास विलासराव साळुंखे ह्यांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, त्याची आठवण एका शेतकऱ्यानें काढली. साळुंखे हे पुण्याचे अभियंते आणि कारखानदार. पण त्यांनीं पाण्याचा हक्क जमिनीच्या मापानें न देतां माणसांच्या संख्येनें दिला, भूमिहीनांनाहि दिला, उंसाला मनाई केली, आणि योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा लाभ घेणारांनींच घालावा असा दंडक ठेविला. ज्यानें स्वतःचा पैसा घातला तो फुटलेल्या नळाकडे पाहून पुढें जात नाहीं, हें त्यामागचें साधें शहाणपण. आमच्या माळावरच्या गांवानेंहि पांचवा हिस्सा कबूल केला. नवा अर्ज तयार झाला. त्यांत असहाय असें कोणी नव्हतें. गांवाचें बळ पानोपानीं होतें. आजीला तो वाचून दाखविला, तेव्हां ती म्हणाली, "आता आमचा झाला."

दीड महिन्यानें संस्थेचें उत्तर आलें. पत्र सौजन्यानें भरलेलें होतें. अर्ज सुबक आहे. गांवाचा उत्साह वाखाणण्यासारखा आहे. परंतु गरज पुरेशी सिद्ध होत नसल्यामुळें ह्या वर्षीं अनुदान देतां येत नाहीं.

ह्यांत संस्थेला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. शंभर अर्जांतून दहा निवडणारानें नव्वद नाकारण्याला कांहीं तरी कारण द्यावेंच लागतें. पण तें पत्र गांवांत वाचून दाखवितांना आमची जीभ टाळूला चिकटली. आजी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "असूं द्या. आपुन आपलं करू." आणि गांवानें खरोखरच केलें. मोठी टांकी झाली नाहीं, पण एक लहान टांकी शाळेच्या एका छपराखालीं त्या उन्हाळ्यांत उभी राहिली. पैशाविना होण्यासारखें जें होतें, तें मुलांनीं हातीं घेतलें. तें म्हणजे मोजमाप.

ह्या मोजमापाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. हातानें काम करतां करतां शिकावें, हा विचार आपल्याकडे नवा नाहीं. गांधीजींनीं १९३७ मध्यें वर्ध्याच्या परिषदेपुढें नई तालीम मांडली. भाऊराव पाटलांनीं रयतेच्या मुलांना 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. आमच्याच जिल्ह्यांत पाबळ येथें श्रीनाथ कलबाग ह्या शास्त्रज्ञानें १९८३ मध्यें विज्ञान आश्रम काढला आणि शाळेंतल्या मुलांनीं गांवाला लागणारीं कामें करीत करीत विज्ञान शिकावें अशी पद्धति बसविली. आमचा प्रयोग ह्या थोरांपुढें अगदींच बाळबोध होता. दर शनिवारीं मुलें दोराला दगड बांधून विहिरींत सोडीत आणि पाण्याची पातळी वहींत लिहीत. पावसाळ्यांत पर्जन्यमापकांतला पाऊस मोजीत. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे शंभर लिटर पाणी मिळतें, हें गणित पुस्तकांतून सांगितलें असतें तर तीं पेंगलीं असतीं, टांकींत काठी बुडवून तें खरें ठरलें, तेव्हां एक मुलगा ओरडला, "गुरुजी, गणित खरं असतं!" त्या एका उद्गारासाठीं आमच्या मागण्याची सारी लाज आम्ही विसरलों.

दुसऱ्या वर्षीं एका निराळ्या संस्थेकडे आम्हीं अर्ज केला. त्यांत विशेषणें फारशीं नव्हतीं. मुलांच्या वहींतील बावन्न शनिवारांचे आंकडे होते. विहिरीचें पाणी कोणत्या आठवड्यांत किती उतरतें, टँकर कधीं येतो, किती हंडे भरतात, हें सारें बारा-तेरा वर्षांच्या हातांनीं लिहिलेलें होतें. अनुदान मिळालें, मोठी टांकी झाली, सायकलीहि आल्या. लोकसंग्रह, शिक्षण आणि अर्ज ह्या आमच्या तीन पेडांची एकच दोरी होऊं शकते, हें तेव्हां आम्हांला प्रथम उमगलें. व्याख्यानांतून ही गोष्ट आम्ही मोठ्या चवीनें सांगत असूं. दया मागूं नका, माप दाखवा, असा उपदेशहि नव्या कार्यकर्त्यांना करीत असूं. पुढें २०१३ चा कंपनी कायदा झाला. मोठ्या नफ्याच्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे असा नियम २०१४ पासून लागू झाला. आणि अर्जांचे नमुने, रकाने, परिणामांचे तक्ते ह्यांचा सुकाळ झाला. आमच्या उपदेशाला आणखीच बाजार आला.

मात्र त्या गोष्टींतला एक आंकडा आम्ही व्याख्यानांत सांगत नसूं. सायकली एक वर्ष उशिरा आल्या. पहिल्या आठ मुलींपैकीं पांच जणी त्या वर्षीं पायीं हायस्कुलांत गेल्या. तिघी घरीं राहिल्या. सायकली आल्या तेव्हां त्या तिघींच्या डोक्यावर हंडा आला होता, आणि शाळेंत परत पाठविण्याची भाषा त्यांच्या घरांत उरली नव्हती. त्या तिघींत एक ती खणखणीत आवाजाची मुलगी होती.

गेल्या हिवाळ्यांत ती आमच्याकडे आली. आतां ती तिशीची झाली आहे. सासर बारामती तालुक्याच्या जिराईत पट्ट्यांत आहे. बचत गटाची ती सचिव आहे. गटाला डाळीची लहानशी गिरणी घालावयाची असून तिच्यासाठीं अनुदानाचा अर्ज तिनें स्वतः लिहून आणला होता. "सर, तेवढा तपासून द्या," असें म्हणून तिनें कागद पुढें ठेविला. अक्षर पूर्वींसारखेंच नेटकें. पहिल्या पानावर गटाकडे काय आहे तें सारें होतें. बचत, जागा, सभासद, कोणाला कसलें काम येतें. आम्ही खूष झालों. आमची पद्धति फळाला आली, असें मनाशीं म्हणतच होतों.

तेवढ्यांत तिनें विचारलें, "सर, एक विचारूं? त्या वेळीं तो पहिला कागद पाठविला असता, तर सायकली आल्या असत्या का?"

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्ही स्वतःशीं इतकीं वर्षें टाळलें होतें. त्या संस्थेनें त्या वर्षीं मंजूर केलेले अर्ज कसे होते, तें आम्हीं मागाहून पाहिलें होतें. आमचा फाडलेला अर्ज त्यांत सहज शोभला असता.

"बहुधा आल्या असत्या," आम्ही म्हणालों.

तिनें मान हलविली. रडली नाहीं, रागावली नाहीं. मग म्हणाली, "आजी बोलली तें खरंच होतं. आम्ही कांहीं असहाय नव्हतों. पण मला पाणी आणावं लागत होतं, हेंहि खरंच होतं. मी उभी होतें कीं, कागद हातांत घेऊन. मला कोणी विचारलंच नाहीं."

आम्ही निरुत्तर झालों. त्या दिवशीं देवळांत आम्हीं 'गांवाचें ऐकलें' असें आम्ही सांगत आलों. पण गांव म्हणजे कोण? खांबाला टेकून बसलेली आजी हें गांव, पारावरचे शेतकरी हें गांव, गुरुजी हें गांव. आणि जिच्या तोंडून आमचा कागद सर्वांनीं ऐकला, तिचा मात्र आम्हीं केवळ आवाज घेतला. पहिल्या अर्जांत आम्हीं तिचें दुःख तिला न विचारतां लिहिलें, आणि दुसऱ्या अर्जांतून तें तिला न विचारतां पुसून टाकलें. पहिल्या वेळीं दात्याला खूष करावयाचें होतें, दुसऱ्या वेळीं गांवाच्या मोठ्या माणसांना, आणि खरें म्हणजे स्वतःलाच. मुली शाळा सोडतात, ही गोष्ट त्या बैठकींत कोणाला बोलावीशी वाटली नाहीं. ती एका ओळींत आटोपली, आणि ती तशी आटोपली ह्याचें आम्हांला त्या वेळीं जाणवलेंसुद्धां नाहीं. कागद फाडण्यांत जो आमचा मोठेपणा, त्याची किंमत दुसऱ्याच कोणी दिली होती.

तरी पहिलाच कागद पाठवावयास हवा होता, असें आम्हांला आजहि म्हणवत नाहीं. खोट्या कागदानें आलेली सायकल चालते हें खरें. पण ती देतांना दाता आणि घेणारा ह्यांच्यांत जें नातें जडतें, तें सुप्याच्या सावकाराच्या वहीहून फारसें निराळें नसतें. तेथेंहि एकाचें दैन्य दुसऱ्याच्या हातच्या कागदावर लिहिलेलें असतें. चूक दैन्य लिहिण्यांत नव्हती, तशी बळ लिहिण्यांतहि नव्हती. जें ज्याचें आहे तें त्याला विचारून लिहावें, ही साधी गोष्ट आम्हांला कळली नाहीं, ही चूक. आणि हें कळण्यासाठीं कोणा मुलीचीं शाळेचीं वर्षें खर्चीं पडावीं, एवढें आमचें शिक्षण महाग असावयास नको होतें. मुलांना अनुभवानें शिकवावें म्हणून आम्ही खेड्यांत गेलों. अनुभव त्यांनीं घेतला, आणि शिकणें आमच्या वाट्याला आलें.

आम्हीं तिच्या अर्जाकडे पुन्हां पाहिलें. त्यांत गटाचें बळ होतें. पण बायकांना डाळ भरडून घेण्यासाठीं किती लांब जावें लागतें, दिवस कसा मोडतो, मजुरी कशी बुडते, ह्यांतलें कांहींच नव्हतें. आम्हीं भीत भीत विचारलें, "हें लिहावयाचें का? तुमची इच्छा नसेल तर राहूं द्या."

तिनें आमच्या हातांतली लेखणी घेतली. "लिहूं या कीं. पण मी सांगतें तसं. आणि गटांत वाचून दाखवीन, मगच पाठवूं. सगळ्यांत धाकटी सून आहे ना आमच्याकडे, तिला आधीं विचारायचं."

आमच्या मातुःश्री आतां नाहींत. त्यांच्या वाक्यांत आम्ही 'जवळ जवळ' हा शब्द कां घातला, तें आतां सांगून हा लेख पुरा करतों. दुसऱ्यांसाठीं भीक मागणें हा आमचा धंदा आहे, असें त्या म्हणत. दुसऱ्यांसाठीं मागूं लागलें कीं हळूहळू त्यांच्या वतीनें बोलण्याचा, मग त्यांच्याऐवजीं बोलण्याचा मोह होतो. ह्या धंद्यांतली खरी लाज ती. हात पसरण्याची लाज त्यापुढें कांहींच नाहीं. त्या संध्याकाळीं ती लिहीत होती आणि आम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपाशीत होतों. एवढ्या वर्षांच्या नोकरींत आमचें काम इतकें थोडें आणि इतकें बरोबर आम्हांला क्वचितच वाटलें असेल.

अर्ज गेला आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं.